बदलापूरचे घर : करारनाम्यात न लिहिलेली किंमत

डिसेंबर २०२५ मध्ये कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची निवडणूक पार पडली. त्याआधीची निवडणूक एप्रिल २०१५ मध्ये झाली होती. त्या सभागृहाची मुदत २०२० मध्ये संपली आणि पुढील सुमारे साडेपाच वर्षे या शहराचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. नेमक्या याच काळात मुंबई, ठाणे, डोंबिवली येथून कितीतरी कुटुंबे बदलापुरात घर घेऊन राहावयास आली. त्यांनी मुद्रांक शुल्क भरले, मालमत्ता कर भरला, बँकेचे हप्ते सुरू केले. मात्र नळाला पाणी का आले नाही, हे ज्याला विचारावे असा लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी त्यांना लाभला नाही. नव्या सभागृहापुढे आता कोणते प्रश्न आहेत, हे समजून घ्यावयाचे असेल तर पक्षीय बलाबलापेक्षा येथे घर घेणाऱ्या कुटुंबाचा हिशेब मांडणे अधिक उपयुक्त ठरेल.

हे कुटुंब आपल्याला अपरिचित नाही. आपल्या धर्मग्रामातील एखादे तरुण जोडपे विवाहानंतर भाड्याच्या खोलीत दोन-तीन वर्षे काढते, दर अकरा महिन्यांनी करार नवा करते, भाडे वाढत जाते. अखेर एका रविवारी मिस्सानंतर ते सांगतात, ‘‘आम्ही बदलापूरला घर पाहिले आहे.’’ ऐकणारे अभिनंदन करतात. त्यात मनापासूनचा आनंद असतो, आणि ‘इतक्या दूर?’ हा न उच्चारलेला प्रश्नही असतो.

अंतर किती, ते प्रथम पाहू. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर स्थानक ६८ किलोमीटरवर आहे. अंबरनाथ ६० किलोमीटरवर. मराठेशाहीच्या काळात या मार्गाने जाणारे स्वार येथे घोडे बदलत, म्हणून गावाला बदलापूर हे नाव पडले, असे सांगतात. पूर्वेस कुळगाव, पश्चिमेस उल्हास नदीच्या बाजूला मूळ बदलापूर गाव, सभोवती भातशेती, आंबा-जांभळाची झाडे आणि दूरवर माथेरानचा डोंगर, असे हे दृश्य जुन्या रहिवाशांच्या आठवणीत आजही ताजे आहे. १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा डोंबिवली आणि अंबरनाथप्रमाणे बदलापूरही तिच्यात समाविष्ट करण्यात आले. १९९२ मध्ये अंबरनाथ आणि बदलापूर वेगळे होऊन त्यांच्या स्वतंत्र नगरपरिषदा झाल्या. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती, २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. २०२१ ची जनगणना लांबली आणि आता ती २०२७ मध्ये पूर्ण व्हावयाची आहे. कात्रप, शिरगाव, खरवई, मांजर्ली, बेलवली, हेंद्रेपाडा या भागांतून फेरफटका मारला तरी २०११ चा आकडा किती जुना झाला आहे, हे सहज ध्यानात येते. पाणी, दवाखाने, लोकलच्या फेऱ्या यांसाठी अधिकृत आधार मात्र त्याच आकड्याचा.

शेजारची दोन शहरे वेगळ्या कारणांनी वाढली. उल्हासनगर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून १९४९ मध्ये उभे राहिले. अंबरनाथला आयुधनिर्माणी, काडेपेटीचा कारखाना आणि पुढे औद्योगिक वसाहत मिळाली. म्हणजे तेथे रोजगार किंवा आश्रय आधी आला आणि घरे मागाहून आली. बदलापूरलाही औद्योगिक वसाहत आहे, परंतु शहराची गेल्या तीन दशकांतील वाढ ही मुख्यतः मुंबईत नोकरी असलेल्या आणि मुंबईत घर न परवडणाऱ्या माणसांची वाढ आहे. नोकरी तिकडे, झोपण्याची जागा इकडे. येथील जवळपास प्रत्येक अडचण या एका गोष्टीशी येऊन भिडते.

समजा, एका कुटुंबाने ३० लाख रुपयांचे कर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे २६ हजार रुपये येतो. वीस वर्षांत बँकेला सुमारे साडेबासष्ट लाख रुपये परत जातात, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा अधिक. हा हिशेब बँकेतील कर्मचारीही समजावून सांगतो. दुसरा हिशेब कोणी सांगत नाही. बदलापूरहून मुंबईस जाण्यास लोकलने साधारण दीड तास लागतो. घरापासून स्थानकापर्यंतची रिक्षा, फलाटावरील प्रतीक्षा आणि उतरल्यावर कार्यालयापर्यंतचा प्रवास धरला तर येऊन-जाऊन दिवसाचे चार तास सहज खर्च होतात. वर्षातील २८० कामाचे दिवस धरल्यास ११२० तास. कर्जाच्या वीस वर्षांत हे २२ हजार ४०० तास होतात. रात्रंदिवस मोजले तर अडीच वर्षांहून अधिक काळ. पती-पत्नी दोघे नोकरी करीत असतील तर दुप्पट. मुंबईजवळच्या घराची जी जादा किंमत त्यांनी वाचवली, ती ते या तासांच्या रूपाने फेडत असतात.

या तासांचा भार घरात सर्वांवर सारखा पडत नाही. पहाटे उठून डबे भरणारी, सातच्या आधीची गाडी गाठणारी आणि रात्री आठनंतर परतल्यावर पुन्हा ओट्यापाशी उभी राहणारी स्त्री या अर्थव्यवस्थेची खरी कर्जफेड करते, असे आम्हांस वाटते. गाडीत बसायला जागा मिळावी म्हणून पुढच्या स्थानकावरील प्रवासी आधी उलट दिशेने बदलापूरला येतात आणि येथून सुटणाऱ्या गाडीत बसून राहतात. त्यामुळे बदलापूरच्या फलाटावर उभा असलेला माणूस स्वतःच्या गावाहून सुटणाऱ्या गाडीतही उभाच राहतो! कर्जतहून येणारी गाडी तर भरूनच आलेली असते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळील वळणावर एकमेकींच्या शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि किमान चौघांचा मृत्यू झाला. कल्याणपलीकडून रोज प्रवास करणाऱ्या घरांत त्या संध्याकाळी कोणी कोणाला किती वेळा दूरध्वनी केला असेल, याची कल्पना करता येते.

रेल्वेविषयीचा असंतोष याआधीही प्रकट झाला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित लोकल सोडण्यात आल्या, तेव्हा कळव्यात आणि बदलापुरात प्रवाशांनी निदर्शने केली आणि मध्य रेल्वेला वातानुकूलित लोकलच्या वाढवलेल्या दहा फेऱ्या स्थगित कराव्या लागल्या. थंड हवेला त्यांचा विरोध नव्हता. ज्या गाडीचा पास आपल्याला परवडत नाही, ती आपल्या गाडीच्या जागी का आणली, एवढाच त्यांचा सवाल होता. कल्याण-बदलापूर दरम्यान तिसरी आणि चौथी मार्गिका टाकण्याच्या प्रकल्पास मार्च २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली हे नवे स्थानकही होणार आहे. कांजूरमार्ग ते बदलापूर अशी मेट्रो १४ आखण्यात आली आहे. हे प्रकल्प आवश्यक आहेत, यात शंका नाही. मात्र घरांच्या जाहिरातींत ते आजच पूर्ण झालेले असतात. ‘मेट्रोपासून पाच मिनिटे’ असे लिहिलेल्या फलकाखाली उभे राहून रिक्षाची वाट पाहणारा ग्राहक, न धावलेल्या मेट्रोची किंमत दर चौरस फुटामागे मोजून बसलेला असतो. मार्गिका मंजूर होणे आणि तिच्यावरून गाडी धावणे यांत आपल्याकडे किती वर्षे जातात, हे ज्याने मुंबईत नोकरी केली आहे त्याला सांगावयास नको.

आता पाण्याकडे वळू. बदलापूरला पाण्याची वाण असावी, हे बाहेरच्या माणसाला खरे वाटत नाही. उल्हास नदी शहराला लागून वाहते. जवळच बारवी धरण आहे. परंतु बारवीचे पाणी औद्योगिक विकास महामंडळामार्फत ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मिरा-भाईंदर अशा दूरच्या शहरांनाही जाते. या धरणाची उंची वाढवण्यात आली तेव्हा मुरबाड तालुक्यातील गावपाड्यांना आपली घरे सोडावी लागली. नव्या घरातील तोटी उघडताना, कोणाचे तरी घर त्या पाण्याखाली गेले आहे याची आठवण ठेवली पाहिजे. बदलापूर शहराला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण उल्हास नदीवरील बॅरेज बंधाऱ्यातून पाणी देते. वितरणाची व्यवस्था आणि नव्या इमारतींची संख्या यांचा मेळ बसत नाही, तेथे टँकर येतो. टँकरचा खर्च देखभाल शुल्कात मिळवला जातो आणि तो बँकेच्या हप्त्याच्या तक्त्यात कधीच दिसत नाही.

वसईतील वाचकांना हे चित्र परके वाटणार नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईसाठी जे आंदोलन उभारले, त्याच्या मुळाशीही हाच प्रश्न होता : जमिनीची आणि विहिरींची ताकद पाहून इमारती उभारावयाच्या, की इमारती उभारून मग पाणी शोधावयाचे?

हीच उल्हास नदी पावसाळ्यात दुसरे रूप दाखवते. बदलापूर येथे तिची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची पातळी १७.५० मीटर आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात नदीकाठचा मोठा भाग पाण्याखाली गेला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि सुमारे १०५० प्रवाशांची बोटींच्या साहाय्याने सुटका करावी लागली. दूरचित्रवाणीवर ती गाडी देशाने पाहिली. त्याच पाण्यात त्याच दिवशी तळमजल्यावरची किती घरे भिजली, ते कोणी पाहिले नाही. जलसंपदा विभाग नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतो. ढोबळमानाने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. शहराच्या पश्चिम भागात घर घेणाऱ्याने ही रेषा नकाशावर पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये. विक्री कार्यालयातील रंगीत नकाशावर नदी असते, रेषा नसते.

यानंतर कागदपत्रांचा विषय येतो आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण सर्वाधिक कुटुंबे येथेच फसतात.

उल्हासनगरचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवावा. तेथील ८५५ अनधिकृत इमारतींचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, पाडकामाचे आदेश झाले आणि अखेर राज्य शासनाला २००६ मध्ये उल्हासनगरपुरता नियमितीकरणाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. कायद्याने इमारत नियमित होते, तिचा स्लॅब मजबूत होत नाही. २८ मे २०२१ रोजी उल्हासनगरात एका जुन्या इमारतीचे स्लॅब कोसळून सात जणांचा मृत्यू झाला.

हे जुने झाले, आता ‘महारेरा’ आहे, असे अनेक जण म्हणतात. स्थावर संपदा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि त्याने ग्राहकाच्या हाती बरेच काही दिले, हे मान्य केलेच पाहिजे. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून मिळालेल्या पैशांपैकी सत्तर टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. किंमत चटई क्षेत्रावर ठरते. ताबा लांबला तर पैसे व्याजासह परत मागता येतात, आणि ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करावयाचा असतो.

परंतु शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत काय घडले? महानगरपालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करून त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवण्यात आली. अशा ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. तेथे राहणाऱ्या कुटुंबांजवळ महारेराचा क्रमांक होता, नोंदणीकृत करारनामा होता, कित्येकांजवळ बँकेचे कर्जही होते. बँकेने कर्ज दिले म्हणजे कागद तपासले गेले, हा आपल्या समाजातील सर्वांत महागडा गैरसमज आहे. बँक आपले पैसे तपासते. तुमचे छप्पर तपासण्याचे काम तुमचेच आहे.

म्हणून घर घेणाऱ्याने नगरपरिषदेत स्वतः जाऊन बांधकाम परवानगीचा क्रमांक पडताळून पाहावा. सातबारा उतारा, अकृषिक आदेश आणि मागील तीस वर्षांच्या मालकीहक्काचा शोध अहवाल स्वतःच्या वकिलाकडून घ्यावा. विकासकाने सुचवलेला वकील स्वस्त पडतो, परंतु तो विकासकाचा असतो. शक्य असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलेच घर पाहावे. अशा घरावर वस्तू व सेवा कर लागत नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर तो पाच टक्के लागतो, आणि मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र व ४५ लाखांपर्यंत किंमत असलेल्या परवडणाऱ्या घरावर एक टक्का. जुन्या इमारतीतील घर घेताना सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे काय, हे विचारावे. ते झाले नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग २००८ च्या दुरुस्तीने खुला आहे. सोसायट्या तो वापरीत नाहीत, कारण प्रत्येक सभेत वाहनतळाचाच वाद संपत नाही.

घर पत्नीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पंधरा वर्षे पुरुषाला न विकण्याची आरंभीची अट २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली. केवळ पैसे वाचवण्यासाठी का होईना, कागदावर घर स्त्रीचे होत असेल, तर ते होऊ द्यावे.

कर्जाविषयी एकच सूचना. बदलत्या व्याजदराच्या कर्जात दर वाढला की बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात. २०२२-२३ मध्ये रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला तेव्हा कित्येकांची वीस वर्षे त्यांच्या नकळत पंचवीस-सव्वीस झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की हप्ता वाढवावयाचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला दिलाच पाहिजे. तो लेखी मागून घ्यावा.

या साऱ्या हिशेबात न बसणारी एक गोष्ट २० ऑगस्ट २०२४ रोजी समोर आली. एका शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराची वार्ता पसरली आणि हजारो नागरिक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले. दिवसाचा बराच भाग लोकल वाहतूक बंद राहिली. या उद्रेकाची राजकीय चिकित्सा पुष्कळ झाली. आम्हांस त्यामागे आणखी एक कारण दिसते. ज्या शहरात आई आणि वडील दोघेही सकाळी साठ किलोमीटर दूर जातात, तेथे मूल दिवसभर शाळा, रिक्षाचालक आणि शेजारी यांच्या भरवशावर असते. शाळेतून दूरध्वनी आला तरी आईला पोहोचावयास दोन तास लागतात. हा भरवसा हेच अशा शहरातील पालकांचे खरे भांडवल. तो तुटला तेव्हा माणसे पोलीस ठाण्यापुरती थांबली नाहीत, रुळांवर गेली. रुळ अडवला तरच मुंबईला आपण दिसतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

नव्या सभागृहाकडून म्हणूनच मोठ्या घोषणांची अपेक्षा नाही. नव्या इमारतीला परवानगी देताना पाणी कोठून देणार याचे उत्तर फायलीत असावे; दिलेल्या प्रत्येक बांधकाम परवानगीची यादी नागरिकाला घरबसल्या पाहता यावी; पूररेषेचा नकाशा नगरपरिषदेच्या दारात लावलेला असावा; आणि गंभीर रुग्णाला उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयापर्यंत न नेता उपचार मिळावेत. यांपैकी पहिल्या तीन गोष्टींना फारसा पैसाही लागत नाही.

दरम्यान, वीस वर्षांपूर्वी बदलापूरला आलेल्या कुटुंबांची मुले आता नोकरीस लागली आहेत आणि त्यांनाही घरे हवी आहेत. कात्रप किंवा मांजर्लीतील दर त्यांना परवडत नाहीत. ती रविवारी आणखी पुढे जाऊन वांगणी, शेलू, नेरळ येथे घरे पाहून येतात. तेथील स्थानकांबाहेर फलक लागले आहेत आणि त्या फलकांवर मुंबई, पूर्वी बदलापूरच्या फलकांवर होती तितकीच जवळ आहे.